डिमेन्शियाचा पेशंट घरी सांभाळताना : कोल्हापुरातल्या नव्या मावश्या, ताया आणि ब्रदर मंडळींचे नेहमीचे प्रश्न

मी गेली 16 वर्षं कोल्हापुरात घरोघरी जाऊन म्हाताऱ्या माणसांची देखभाल करते. त्यातली निम्म्याहून जास्त माणसं डिमेन्शियाची. या कामात नव्यानं आलेल्या बायका, पोरी आणि आता मुलंसुद्धा (त्यांना ब्रदर म्हणतात) केएमटी बसच्या स्टॉपवर, सीपीआर या सरकारी दवाखान्याच्या ओपीडीबाहेर, कुणाच्या तरी जिन्यात गाठून तेच तेच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरं एकदाची लिहून ठेवते आहे. काही उत्तरं मोठी झाली आहेत. त्याच जागी माणसं रडकुंडीला येऊन काम सोडतात, म्हणून ती आखडली नाहीत.

डिमेन्शिया म्हणजे नेमकं काय? वय झालं की सगळेच विसरतात की.

चष्मा कुठं ठेवला ते विसरणं हे वयाचं. चष्मा हातात आहे आणि त्याचं काय करायचं ते सुचत नाही, हा आजार. डिमेन्शिया हे एका आजाराचं नाव नाही. मेंदूच्या पेशी हळूहळू निकामी होत जाणाऱ्या अनेक आजारांना मिळून तसं म्हणतात. सगळ्यात जास्त आढळतो तो अल्झायमर. जर्मन डॉक्टर अलॉइस अल्झायमर यांनी त्याचं पहिलं वर्णन 1906 साली केलं. दुसरा प्रकार मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा, म्हणजे बीपी, शुगर आणि लहानमोठे स्ट्रोक यांतून येणारा. लुई बॉडी प्रकारात नसलेली माणसं, मुलं, जनावरं दिसतात आणि अंग कडक होत जातं. आणखी एका प्रकारात विसरणं मागाहून येतं, आधी वागणंच बदलतं. सोज्वळ माणूस एकदम शिव्या द्यायला लागतो.

भारतात साठीच्या पुढच्या माणसांत सुमारे 7.4 टक्के, म्हणजे 88 लाखांच्या आसपास लोकांना डिमेन्शिया असावा, असा अंदाज 2023 साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासात मांडला होता. तरी आपल्याकडं अजून "म्हातारचळ लागलाय" असं म्हणून विषय मिटवतात. तो शब्द तुम्ही तरी तोंडात घेऊ नका. आणि एक लक्षात ठेवा: बी-12 कमी झालं, थायरॉइड बिघडला, मनाला उदासीनता आली तरी माणूस असाच विसरतो, आणि ते उपचारानं सुधारू शकतं. म्हणून घरच्यांनी नुसता अंदाज बांधला असेल, तर एकदा मेंदूविकाराच्या किंवा मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

या कामाला शिक्षण काय लागतं?

कायद्यानं ठरलेली अशी एकच पदवी नाही. जनरल ड्यूटी असिस्टंट किंवा होम हेल्थ एडचा काही महिन्यांचा कोर्स केलेला असेल तर कूस बदलणं, बेडपॅन देणं, बीपी मोजणं हे नीट येतं आणि पगारही बरा ठरतो. एएनएम, जीएनएम या नर्स. त्यांचं काम वेगळं, जबाबदारी वेगळी. आपण नर्स नसू तर नाकातली नळी घालणं, कॅथेटर बदलणं, शिरेत इंजेक्शन देणं यांना हात लावायचा नाही. "मागची बाई करायची" असं कुणी म्हटलं तरी नाही.

बाकी जे लागतं ते कोर्समध्ये थोडंच शिकवतात. तोच प्रश्न दहाव्यांदा आला तरी पहिल्यांदाच आल्यासारखा चेहरा ठेवता यायला हवा.

काम ब्युरोतून घ्यावं की ओळखीनं?

ब्युरोत, म्हणजे घरोघरी माणसं पुरवणाऱ्या एजन्सीत, काम लवकर मिळतं, बदली माणूस मिळतो, पण महिन्याच्या पैशातला हिस्सा कापला जातो. ओळखीनं मिळालेल्या कामात पैसे पूर्ण हातात येतात, पण आजारी पडलात तर तुमच्या जागी कोण, हा प्रश्न असतो. एका ब्युरोनं माझा पहिला महिना "डिपॉझिट" म्हणून ठेवून घेतला होता. तो मला कधीच मिळाला नाही, कारण कागदावर काहीच नव्हतं. तेव्हापासून मी मूळ आधार कार्ड कुणाच्या हातात देत नाही, झेरॉक्स देते, आणि किती कापणार ते चिठ्ठीवर लिहून घेते.

ई-श्रम पोर्टलवर नाव नोंदवा. 16 ते 59 वयाच्या असंघटित कामगारांसाठी ते फुकट आहे. महाराष्ट्रात घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा 2008 पासून आहे. त्याच्या नोंदणीची चौकशी कामगार आयुक्तांच्या कार्यालयात करा.

पगार, सुट्टी, जेवण हे बोलायला लाज वाटते. कसं ठरवायचं?

लाज वाटून चालत नाही. पहिल्या दिवशी न बोललेली गोष्ट तिसऱ्या महिन्यात भांडण होऊन बाहेर येते.

किती तास ते आधी विचारा, आणि 24 तासांचं काम असेल तर झोपायला कधी मिळणार ते विचारा. हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, आणि तोच कुणी विचारत नाही. डिमेन्शियाचा पेशंट रात्री चार-पाच वेळा उठतो. "रात्री काय, झोपायचंच की" असं घरचे म्हणतात, कारण ते दार लावून झोपलेले असतात. रात्रभर जागून दिवसभर उभं राहिलेली बाई पेशंटला उचलताना पाडते, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. त्यामुळं रात्र आपली असेल तर दिवसा सलग सहा-सात तास झोप मिळायलाच हवी, नाहीतर दुसरं माणूस लावायला सांगायचं. आठवड्याची सुट्टी, पगाराची तारीख, जेवण घरचं की डब्याचं, रात्री उशीर झाला तर रिक्षाचे पैसे कुणी द्यायचे, हे सगळं एका कागदावर लिहा आणि दोघांनी सही करा. वहीचं पान चालतं.

माझं काम कुठपर्यंत? धुणीभांडी सांगितली तर?

पेशंटचे कपडे, पेशंटची भांडी, पेशंटची खोली, पेशंटचं खाणं. एवढं आपलं. घरातल्या पाच जणांच्या भाकरी थापायला बसलात तर तेवढ्यात पेशंट जिना उतरून जातो. "वहिनी, माझी नजर तिकडं गेली तर आजींकडं कोण बघणार?" असं शांतपणे विचारलं की बहुतेकांना पटतं.

पहिल्या दिवशी पेशंटबद्दल काय विचारून घ्यायचं?

औषधांची यादी, डॉक्टरांचा नंबर, कशाची ॲलर्जी, गिळायला त्रास आहे का, कधी पडले होते का, हे सगळे विचारतात. मी त्यापेक्षा जास्त वेळ माणसाची माहिती घेण्यात घालवते. लहानपण कुठल्या गावात गेलं? काम काय करायचे? पहाटे किती वाजता उठायचे? चहा बशीत की कपात? कुणावर जीव होता, कुणाशी वैर? देव कोणता?

भाषा विचारा. आपला जिल्हा सीमेवरचा. एका घरी आजी दोन दिवस "नीरु, नीरु" म्हणत होत्या आणि सगळे त्यांना नीरू नावाची कोण असा शोध घेत होते. आजींचं माहेर कर्नाटकातलं. त्यांना पाणी हवं होतं. आजार वाढला की नंतर शिकलेली भाषा आधी जाते आणि आईची भाषा उरते. मी "नीरु", "ऊटा" असे पंधरा-वीस शब्द लिहून घेतले आणि आजी बोलायला लागल्या.

चष्मा आणि कानाचं मशीन घरात आहे का, तेही बघा. ऐकूच येत नसलेल्या माणसाला घरचे डिमेन्शिया वाढला समजतात, आणि मशीनचा सेल महिनाभर संपलेला असतो.

"मला घरी जायचंय" म्हणून रोज संध्याकाळी गोंधळ घालतात. घरातच तर आहेत!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा आला आहे.

उद्यमनगरात फाउंड्रीत आयुष्य काढलेले एक आबा होते. रोज साडेपाचला हातात कापडी पिशवी घेऊन दाराशी उभे राहायचे. "शिफ्ट सुटली, निघतो." आजी म्हणायच्या, "अहो हेच घर तुमचं, हा बघा तुमचा फोटो भिंतीवर." आबा फोटोकडं बघायचे, त्यातला माणूस त्यांना ओळखू यायचा नाही, आणि ते आणखी घाबरायचे. घाबरले की काठी उचलायचे. तासभर हेच.

तिसऱ्या दिवशी मी चप्पल घातली आणि म्हटलं, "चला आबा, मीबी त्याच वाटंला निघालोय." (आमच्याकडं बायका 'निघालोय'च म्हणतात. आबांच्या कानाला तेच ओळखीचं.) गल्लीच्या टोकाला टपरीवर अर्धा-अर्धा चहा घेतला. मी भट्टीचं विचारलं, साच्याची वाळू कशी चाळायची ते विचारलं. आबा हातांनी दाखवत बोलायला लागले. दुसऱ्या बाजूनं फिरून आम्ही परत त्याच दाराशी आलो. आजींना मी आधी सांगून ठेवलं होतं. त्या तांब्या घेऊन उंबऱ्यात उभ्या होत्या. "आला व्हय? पाय धुवा." आबांनी पाय धुतले, पिशवी खुंटीला अडकवली आणि आत येऊन बसले.

"घरी जायचंय" याचा अर्थ पत्ता नसतो. इथं मला परकं वाटतंय, भीती वाटतीय, कुणीतरी माझं म्हणावं, असा तो अर्थ असतो. कधी नुसती लघवीला जायची घाई असते. त्यांच्या शब्दाला उत्तर द्यायला गेलात तर वाद होतो, त्यामागं काय हवंय ते शोधलंत तर माणूस शांत होतो. मला या कामातलं एवढं एकच पक्कं कळलं आहे, बाकीची निम्मी उत्तरं त्यातूनच निघतात.

पण मग हे खोटं बोलणं नाही का?

मलाही सुरुवातीला खटकायचं. आता मी एक रेघ आखून घेतली आहे. त्यांचं म्हणणं मी खोडत नाही, पण पोकळ आश्वासनही देत नाही. ऐंशी वर्षांच्या आजी "माझी आई कधी येणार?" विचारतात तेव्हा "आई कधीच वारली" सांगणं म्हणजे त्यांना रोज नव्यानं सुतक देणं. ते दुःख खरंच नवं असतं, मी ती रडणी ऐकली आहेत. आणि "उद्या येईल" म्हटलं तर त्या उद्या दाराशी बसून राहतात. मी विचारते, "आईची आठवण आली? काय करायची तुमची आई?" मग जात्यावरच्या ओव्या निघतात, माहेरचं परडं निघतं. आई तेवढ्यात येऊन जाते.

चोरीचा आळ घेतला तर? मी तर त्याच दिवशी काम सोडलं असतं.

सोडू नका, पण तयारी ठेवा. कारण हा आळ येणारच.

मंगळवार पेठेतल्या एका आजींनी माझ्याकडं बोट दाखवून भरल्या घरात सांगितलं, "हिनंच माझ्या पाटल्या नेल्या." त्या वेळी घरी पाहुणे होते. माझे कान तापले, डोळ्यांत पाणी आलं. "मी नाही घेतल्या" हे वाक्य जिभेवर आलं होतं. ते म्हटलं असतं तर त्यांच्या दृष्टीनं चोर नाहीच म्हणणार की. मी म्हटलं, "अगंबाई, पाटल्या गेल्या? चला आजी, आपण दोघी शोधू." शोधताना त्यांचा हात धरला. तासाभरानं पाटल्या ज्वारीच्या पिठाच्या डब्यात तळाला सापडल्या. आजींनीच लपवल्या होत्या, चोराच्या भीतीनं, आणि लपवल्याचं विसरल्या होत्या.

मेंदूला ठेवल्याची आठवण नाही पण वस्तू नाही हे दिसतंय, तर तो जवळच्या माणसावर बोट ठेवतो. जवळचं म्हणजे आपण. सून असेल तर सून.

तरीही स्वतःची बाजू राखा. कामाला लागतानाच दागिने, रोकड, एटीएम कार्ड घरच्यांनी कुलपात ठेवावं असं सांगा, आणि अंगावर जे राहील त्याचा फोटो घरच्यांसमोर काढा. पेशंटच्या पैशाला हात लावायची वेळ येऊ देऊ नका, भाजी आणली तरी पावती किंवा वहीत नोंद. त्यांच्या लपवायच्या जागा ओळखून ठेवा: उशीचा अभ्रा, देव्हाऱ्यामागची फट, गादीची घडी, पिठाचा डबा. आणि घंटागाडी यायच्या आधी कचऱ्याची बादली रोज चाळा. कवळी, चष्मा, मंगळसूत्र, सगळं मी त्यात शोधून काढलं आहे.

आंघोळीला नाहीच म्हणतात. ओढत न्यायचं का?

अजिबात नाही. एकदा ओढून नेलंत की प्रसंग विसरला जातो, पण भीती राहते, आणि तुमचा चेहरा त्या भीतीला चिकटतो.

आधी कारण शोधा. पाटल्या लपवणाऱ्या त्याच आजी न्हाणीच्या दारात थांबून म्हणायच्या, "हितं विहीर हाय." घरचे हसायचे. मी त्यांच्या उंचीला वाकून बघितलं. काळी फरशी, ओली, वर बल्बचा उजेड. खरंच खोल पाण्यासारखी दिसत होती. या आजारात डोळे ठीक असले तरी मेंदूला खोलीचा अंदाज येत नाही. काळं पायपुसणं खड्डा वाटतं, चमकती फरशी पाणी वाटतं, आरशातलं माणूस कुणी परकं वाटतं. आम्ही फिकट रंगाची न घसरणारी रबरी मॅट टाकली, जास्त उजेडाचा दिवा लावला, आरशावर टॉवेल टाकला. दुसऱ्या दिवशी आजी आत आल्या.

पाणी आधी पायावर, मग हळूहळू वर. डोक्यावर एकदम तांब्या ओतला तर कुणालाही धस्स होतं. खांद्यावर पंचा ठेवा, लाज झाकली गेली की अंग सैल होतं. तांब्या त्यांच्या हातात द्या. शिकेकाईचा वास ओळखीचा असतो, तो कामाला येतो. "आंघोळ करायची का?" असं विचारू नका, उत्तर नाहीच येणार. "पाणी निघालंय, पाय धुऊन घेऊया" म्हणा. आणि रोज पूर्ण आंघोळ झालीच पाहिजे असंही नाही. एक दिवसाआड ओल्या फडक्यानं अंग पुसलं, काखा, जांघा, बोटांच्या बेचक्या कोरड्या केल्या तरी पुरतं.

तोच प्रश्न दिवसात शंभर वेळा विचारतात.

उत्तर छोटं ठेवा, आवाज तोच ठेवा, आणि हाताला काम द्या. लसूण सोलणं, वाटाणे सोलणं, रुमालांच्या घड्या. घड्या चुकल्या तर चुकू द्या, रात्री मोडून ठेवा, सकाळी परत तेच काम मिळतं.

मारलं, चावले, शिव्या दिल्या तर?

एक पाऊल मागं व्हा, हात खाली ठेवा, आवाज खाली आणा. समोरून जा, मागून अंगाला हात लावू नका. दहा मिनिटांनी परत जा. मग शोधा: दुखतंय का, पोट साफ आहे का, डायपर ओला आहे का, टीव्हीवर मारामारी चालू होती का. टीव्हीतलं आणि घरातलं हा फरक बऱ्याच जणांना राहत नाही. वहीत वेळ लिहून ठेवा. चार दिवसांच्या नोंदी बघितल्या की तिढा दिसतो.

मार जिव्हारी लागतो, हे मी नाकारत नाही. पण त्यात वैर नसतं. अंगावर जखम झाली तर मात्र घरच्यांना त्याच दिवशी सांगायचं, लपवायचं नाही.

पुरुष पेशंट अंगलट आले, किंवा घरातलाच कुणी तसा वागला तर?

दोन गोष्टी वेगळ्या आहेत. आजारात मेंदूचा लगाम सुटल्यामुळं पेशंट कधी नको तिथं हात लावतो, कपडे काढतो. कधी कपडे टोचत असतात, कधी लघवीला जायचं असतं. ठामपणे हात बाजूला करा, कामाकडं वळवा, घरच्यांना सांगा, आंघोळीला घरातला पुरुष किंवा ब्रदर मागून घ्या.

घरातला धडधाकट माणूस तसा वागला तर त्याला आजाराची सबब नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्यात दुसऱ्याच्या घरात काम करणारी बाईसुद्धा येते. जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडं तीन महिन्यांच्या आत तक्रार करता येते. तातडीला 112, महिला हेल्पलाइन 181. आणि आधी घराबाहेर पडा, पगाराचं नंतर बघू.

दिवस कलला की बिथरतात आणि रात्रभर जागे. काय करू?

दिवेलागणीची वेळ या पेशंटना जड जाते. अंधारून यायच्या आधीच सगळे दिवे लावा, सावल्या कमी होतात. दुपारची झोप अर्ध्या तासावर नेऊ नका. चहा-कॉफी दुपारनंतर बंद. सकाळी उन्हात चालवा, रंकाळ्यावर नेता आलं तर फारच चांगलं, नाहीतर गच्ची. रात्री संडासाच्या वाटेवर मंद दिवा आणि पायात अडकेल असं काही नाही.

कुणाकुणाची रात्र जुन्या सवयीत असते. आयुष्यभर पहाटे तालमीत गेलेला माणूस चारला उठणारच. त्याला झोपवायची कुस्ती करू नका. गरम दूध द्या, दंडाला तेल चोळा, "वस्ताद, आज मैदान ओलं हाय" म्हणा.

जेवण भरवताना ठसका लागतो.

गादीवर आडवं ठेवून कधीही भरवू नका. ताठ बसवा, हनुवटी किंचित खाली, छोटा चमचा, एक घास गिळल्याचं बघून मगच दुसरा. जेवणानंतर अर्धा तास बसतं ठेवा. पातळ पाण्यानंच ठसका जास्त लागतो. जेवताना खोकला, जेवणानंतर घशात घरघर, वारंवार ताप, असं दिसलं की डॉक्टरांना सांगायचं. घास श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो आणि या आजारात बरीच माणसं त्यानंच जातात. दुधात कुस्करलेली भाकरी, मऊ खिमट, नाचणीची आंबील ही आपली जुनी हत्यारं इथं कामाला येतात, पण गुठळी राहू देऊ नका.

पांढऱ्या ताटलीत दहीभात त्यांना दिसत नाही, रंगीत ताटली घ्या. आणि आळणी जेवण समोर ठेवून "खात नाहीत" म्हणू नका. जन्मभर तांबडा रस्सा खाल्लेली जीभ आहे ती. डॉक्टरांची मनाई नसेल तर भातावर चमचाभर रस्सा घालून बघा. वासानंच तोंड उघडतं.

औषधांबद्दल काय माहीत असावं?

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, मेमंटिन ही नावं चिठ्ठीवर दिसतील. ती आजार बरा करत नाहीत, काही काळ लक्षणं सावरतात. नाडी मंदावली, चक्कर, जुलाब, भूक मेली असं दिसलं तर कळवा. गोळी डब्यातून तोंडात जाऊन गिळल्याचं बघा, गालात साठवतात.

शांत करायच्या गोळ्यांबद्दल कडक राहा. मनोविकाराच्या काही औषधांनी डिमेन्शियाच्या वृद्धांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी 2005 सालीच दिला आहे. डॉक्टर विचार करून, मोजक्या दिवसांसाठी देतात ते वेगळं. "आज पाहुणे येणारेत, अर्धी जास्त दे" असं घरच्यांनी सांगितलं तर द्यायची नाही. "डॉक्टरांना फोन लावून द्या, ते म्हणाले तर देते." एवढंच बोलायचं.

काल बरे होते, आज ओळखतच नाहीत. आजार वाढला का?

डिमेन्शिया महिन्यावर्षांनी सरकतो, एका रात्रीत नाही. एक-दोन दिवसांत एकदम बिघडलं तर दुसरं कारण असतं: लघवीतला संसर्ग, तुंबलेली लघवी, खडा झालेलं पोट, पाणी कमी, नवी गोळी, छातीतला कफ. ताप नसतानाही संसर्ग असतो. त्याच दिवशी डॉक्टर. तोंड वाकडं, एक हात लुळा, बोलणं अडखळलं तर ॲम्ब्युलन्ससाठी 108 ला फोन आणि लक्षणं सुरू झाल्याची वेळ लिहून ठेवा, स्ट्रोकच्या उपचारात ती वेळच विचारतात. पडून डोक्याला मार लागला आणि रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर वरून काही दिसलं नाही तरी दवाखाना.

डोळा चुकवून बाहेर गेले तर?

आधी घरातली संडास, गच्ची, जिना. मग जुन्या सवयीच्या जागा: जुनं घर, नेहमीची तालीम, देऊळ, भाजी मंडई. आपण त्यांच्या आजच्या पत्त्यावर शोधतो, ते चाळीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर निघालेले असतात. फार वेळ स्वतः शोधत बसू नका, लगेच 112. रोज सकाळी कपडे घातल्यावर मोबाइलवर एक फोटो काढायची सवय लावा, पोलिसांना रंग सांगता येतो. बंडीच्या किंवा झंपरच्या आतून फोन नंबरची पट्टी शिवा. शेजारी, टपरीवाला, कोपऱ्यावरचे रिक्षावाले यांना आधीच सांगून ठेवा. नवरात्रात महाद्वार रोडच्या गर्दीत तर एका हाताला धरूनच.

घरचे पेशंटला कॉटला बांधायला सांगतात.

नाही म्हणा. बांधलेला माणूस सुटायला धडपडतो, गळा अडकतो, पडला तर जास्त मोडतो, आणि पाठीला जखमा होतात. उठून पडायची भीती असेल तर कॉट खाली घ्या, बाजूला गादी टाका, दाराला घंटी लावा. तरी त्यांचा हट्ट राहिला तर ते घर सोडा. ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन 14567 आहे, तिथं सांगता येतं.

पुराच्या दिवसांत काय तयारी ठेवायची?

पुस्तकात हे सापडणार नाही, पण कोल्हापुरात काम करायचं तर लागतंच. राजाराम बंधाऱ्याला पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट, धोका पातळी 43 फूट. सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीतली कुंभार गल्ली अशा भागात पेशंट असेल तर 39 ची बातमी आली की निघा, 43 ची वाट बघू नका. डिमेन्शियाच्या माणसाला रात्री पाण्यातून, अंधारातून, बोटीतून नेणं म्हणजे त्याला वेड्यासारखं घाबरवणं.

2019 च्या ऑगस्टमध्ये हायवे बंद झाला तेव्हा औषधं, दूध, डायपर काहीच येत नव्हतं. तेव्हापासून जून लागला की पंधरा दिवसांच्या गोळ्या आणि डायपरचं एक जादा पाकीट पिशवीत बांधून ठेवते. पिशवीत औषधाची चिठ्ठी प्लास्टिकमध्ये, आणि त्यांची स्वतःची गोधडी, स्वतःचा पेला, देवाचा छोटा फोटो. त्या वेळी एका आजींना नातेवाइकांच्या फ्लॅटवर हलवलं होतं. दोन रात्री त्या ओरडत होत्या. तिसऱ्या दिवशी लेकानं गोधडी आणून दिली, तिचा काठ बोटांत धरून झोपल्या.

अंथरुणाला खिळल्यावर काय बदलतं?

दर दोन तासांनी कूस. टाच, माकडहाड, खुबा, खांदा रोज उजेडात बघा. लाल झालेला भाग बोटानं दाबला आणि पांढरा झाला नाही, तर ती जखमेची सुरुवात. तिथं चोळायचं नाही. चादरीला सुरकुती नको, ओलं अंग नको. एअर बेड असला तरी कूस बदलणं सुटत नाही.

बोलणं जातं, ओळख जाते, पण सूर आणि स्पर्श बराच काळ राहतो. सहा महिने एक शब्द न बोललेल्या एका आजोबांच्या कानाशी मी सकाळी "जोतिबाच्या नावानं" म्हणायचे. ओठ हलायचे. एका चैत्र पौर्णिमेला अगदी स्पष्ट "चांगभलं" आलं. लेक स्वयंपाकघरातून पळत आली, हाताला कणीक तशीच.

मलाच आता सहन होत नाही. काय करू?

सुट्टी घ्या, आणि सुट्टीच्या दिवशी फोन उचलू नका. कंबर सांभाळा, एकटीनं उचलू नका. चिडून पेशंटवर हात उगारावासा वाटला, तर त्यांना सुरक्षित बसवून खोलीबाहेर या आणि घरच्यांना हाक मारा. तशी वेळ माझ्यावरही आली आहे. मनावर फारच आलं तर टेलिमानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर फुकट आहे, मराठीतून बोलता येतं.

पेशंट गेल्यावर पगाराचं, सामानाचं काय?

त्या दिवशी काही विचारू नका. अंग पुसायला, कपडे घालायला मदत करा, तो मान आपलाही आहे. दिवसकार्य झाल्यावर राहिलेल्या दिवसांचा हिशेब करा, उरलेली औषधं मोजून घरच्यांच्या ताब्यात द्या, किल्ली परत द्या. वॉकर, कमोडची खुर्ची ते कुणाला देणार असतील तर तुमच्या पुढच्या घरची गरज सांगून बघा.

नोंदवही मात्र विचारून मगच द्या. काहींना नको असते, काही जण वर्षानं मागतात. "चांगभलं" म्हणणाऱ्या त्या आजोबांच्या लेकीनं लगेच मागून घेतली आणि तिथंच उभ्यानं शेवटचं पान वाचलं. त्यावर माझ्या अक्षरात एवढंच होतं: दुपारी पेज तीन चमचे. लघवी एकदा. हात धरल्यावर धरून ठेवला.